पावसानं उठवलेलं इस्पितळ

गोरा सोल्जर कंपनी सरकारला फार महाग पडायचा. विलायतेत त्याला भरती करायचं, चार-पाच महिने जहाजावर पोसायचं, इथं आणून छावणीत बसवायचं, आणि एवढं करून पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तो तापानं किंवा हगवणीनं आडवा व्हायचा. यकृताचा विकार तर ठरलेलाच, त्याला दारूचीही साथ असायची. लढाईत पडणाऱ्यांपेक्षा खाटेवर मरणारे कितीतरी जास्त होते. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानं १८६३ साली अहवाल दिला, त्यात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी पुढे हाच आकडा सरकारच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा नाचवला. तो छापून येण्याच्या पस्तीस वर्षं आधी मुंबई सरकारनं सातारच्या महाराजांच्या मुलखात, सह्याद्रीच्या माथ्यावर, आजारातून उठणाऱ्या गोऱ्या सैनिकांसाठी एक इस्पितळ काढून पाहिलं होतं. ते इस्पितळ टिकलं नाही. त्याच्यासाठी वसवलेली पेठ मात्र टिकली आणि मूळ क्षेत्राचं नाव घेऊन बसली. आज आपण महाबळेश्वर म्हणतो ते बाजारपेठेचं गाव म्हणजे त्या बंद पडलेल्या इस्पितळाचा वारसा आहे.

रोग दूषित हवेतून होतो, अशी त्या काळच्या डॉक्टरांची पक्की समजूत होती. दलदल, कुजका पाला, सखल मुलखातली साचलेली वाफ ही तापाची कारणं. डास कुणाच्या हिशेबातच नव्हता. तो यायला १८९७ साल आणि सिकंदराबादेतला रोनाल्ड रॉस यावा लागला. उपचार म्हणाल तर रक्त काढणं, जळवा लावणं, पाऱ्याची औषधं देणं, आणि एवढ्यातून रोगी वाचलाच तर हवापालट. अधिकाऱ्याची हवापालट म्हणजे समुद्रमार्गे दक्षिण आफ्रिकेचं केप किंवा थेट मायदेश. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जायचं आणि पगार चालू राहायचा. साध्या सोल्जरला एवढ्या लांब पाठवणं कंपनीच्या व्यापारी डोक्याला परवडणारं नव्हतं. तेव्हा थंड हवा इथंच कुठं मिळते का, हा शोध सुरू झाला. मद्रासकरांना नीलगिरी सापडली. उत्तरेत मसुरीजवळ लंढोरला १८२७ साली आजारी सैनिकांचा तळ पडला. मुंबई इलाख्याला आपला डोंगर हवा होता.

तो दाखवला कर्नल पीटर लॉडविक यानं. साताऱ्याच्या फौजेचा हा अधिकारी एप्रिल १८२४ मध्ये जंगल तुडवत माथ्यावर चढला, आणि इथं आरोग्यधाम करावं असं त्यानं वर्तमानपत्रांतून लिहिलं. लॉडविक पॉइंटवरच्या स्तंभावर या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपियन म्हणून त्याची नोंद आहे. पहिला युरोपियन, हे खरं. पण पर्यटकांना माहिती देणारे कधीकधी त्यातला ‘युरोपियन’ गाळून टाकतात आणि साहेबानं महाबळेश्वर ‘शोधलं’ असं सांगतात, तेव्हा चीड येते. पंचगंगेच्या उगमावर शतकानुशतकं यात्रा भरत होती. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, समोर प्रतापगड उभा राहिला, आणि १६६५ च्या जानेवारीत ग्रहणाच्या पर्वावर जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला याच क्षेत्री झाली. रानात लोखंड गाळणारे धावड होते, वाड्यावस्त्यांवर कुणबी, कोळी, धनगर होते. लॉडविकनं नवं एवढंच केलं, की या डोंगराकडे त्यानं दवाखान्याची जागा म्हणून पाहिलं.

दुसरा माणूस जॉन ब्रिग्ज. हा साताऱ्याचा रेसिडेंट; फारसीचा जाणकार, फिरिश्त्याच्या तवारिखेचा इंग्रजी अनुवाद त्याचाच. १८२६ मध्ये त्यानं वर एक लहानसं घर बांधलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्यापासून माथ्यापर्यंत चांगला गाडीरस्ता करून घेतला. मेढ्यावरून केळघरचा घाट चढून जाणारी ती वाट. इस्पितळाच्या इतिहासात हा रस्ता आधी येतो, हे लक्षात घ्यायला हवं. डोंगरावर थंडी फुकट मिळते, पण आजारी माणूस तिथवर पोचला पाहिजे. डोलीत किंवा पालखीत घालून एखादा कर्नल वर नेता येतो. सोल्जरांची तुकडी, त्यांच्या खाटा, औषधांच्या पेट्या, पिठाची पोती भोयांच्या खांद्यावर कशी चढवणार? तो खर्च सातारच्या खजिन्यानं उचलला. प्रतापसिंहांना रस्त्यांची, इमारतींची, शिक्षणाची मनापासून हौस होती, त्यामुळे त्यांनी हे काम निव्वळ दडपणाखाली केलं असं मी म्हणणार नाही. मात्र रेसिडेंटनं सुचवलं आणि महाराजांनी साफ नाही म्हटलं, असंही त्या काळात होऊ शकत नव्हतं.

तिसरा आणि सर्वांत वजनदार माणूस म्हणजे सर जॉन माल्कम. मराठी माणसाला हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असतं. महिदपूरच्या लढाईत होळकरांची फौज मोडणारा आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेऊन त्याला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला धाडणारा तो हा माल्कम. नोव्हेंबर १८२७ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. लॉडविकची सूचना आणि ब्रिग्जचा रस्ता त्याच्या हाती तयारच होता. १८२८ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच त्यानं गोऱ्या सैनिकांसाठी प्रायोगिक इस्पितळ सुरू केलं. जखमी नव्हे, तर आजार ओसरलेले पण अंगात ताकद न आलेले सैनिक तिथं ठेवायचे आणि थंड हवेत ते किती लवकर परत बंदूक धरतात ते पाहायचं, अशी योजना होती.

प्रयोगाची चुणूक मनासारखी दिसली असावी, कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माल्कम पुन्हा वर आला. सोबत डॉ. विल्यमसन. हवामानाच्या नोंदी ठेवायच्या आणि डोंगर आरोग्यधामाला कितपत लायक आहे त्याचा अहवाल द्यायचा, एवढ्याच कामावर या डॉक्टरची नेमणूक होती. सरकारी इमारतींच्या जागा ठरल्या. तेव्हाचा रेसिडेंट कर्नल रॉबर्टसन यानंही घर बांधलं. माल्कमनं स्वतःसाठी एका टेकाडावर निवास उभारला आणि टेकाडाला बायकोचं नाव दिलं, माउंट शार्लट. मग महाराजांच्या नावानं जाहीरनामा निघाला, की इथं येऊन राहणाऱ्यांचं, दुकानं घालणाऱ्यांचं स्वागत आहे. नव्या वस्तीचं नाव मालकमपेठ ठेवलं. मराठी राजाचा जाहीरनामा आणि साहेबाच्या नावाची पेठ, असं ते जमलं.

जमीन अजून महाराजांचीच होती. १६ मे १८२९ च्या तहानं ती कंपनीकडे गेली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव मिळालं. हे खंडाळा लोणावळ्याशेजारचं नव्हे; पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते. एक पठार दिलं, एक गाव घेतलं. कागदावर व्यवहार चोख. पुढच्या शंभर वर्षांत त्या पठारावरच्या जागांना काय मोल आलं ते पाहिलं, तर हा सौदा कुणाच्या पथ्यावर पडला हे वेगळं सांगायला नको.

वर यायच्या वाटा दोन-तीन होत्या. मुंबईहून येणारा गलबतानं बाणकोटला यायचा, सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाडकडे, आणि तिथून पोलादपूर करून पारघाटानं वर. अफझलखानाची फौज ज्या भागातून उतरली तोच हा मुलूख. आंबेनळी घाटाचा रस्ता पुष्कळ नंतरचा, १८७६ चा. पुण्याकडच्यांना वाई सोयीची, साताऱ्याच्या छावणीतल्यांना मेढा. तापानं खंगलेल्या माणसाला या प्रवासानंच निम्मं दमवलं असेल. तरी साडेचार हजार फूट उंचीवर पोचल्यावर मार्च-एप्रिलमधल्या रात्री जी झोप लागते ती खाली मिळणं शक्य नव्हतं. शिवाय त्या उंचीवर, कोरड्या मोसमात, हिवतापाची लागण नव्यानं होण्याची शक्यता फारच कमी. डॉक्टरांचं निदान चुकीचं होतं आणि इलाज बरोबर, अशी ही मौजेची गोष्ट.

इलाज सर्वांनाच लागू पडला असं मात्र नाही. मुंबईचे सरसेनापती सर टॉमस सिडनी बेकविथ हे माल्कमनंतर काही दिवस गव्हर्नरपदाचं कामही पाहत होते. नेपोलियनशी झालेल्या लढायांत नाव काढलेला हा सेनानी जानेवारी १८३१ मध्ये महाबळेश्वरी तापानं वारला. ज्या डोंगराची कीर्ती तापावरचा उतारा म्हणून पसरवली जात होती तिथंच, इस्पितळाच्या तिसऱ्या वर्षी, खुद्द सरसेनापती तापानं गेला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ अजून आहे. लॉडविक पॉइंटलाही आधी त्याचंच नाव होतं, सिडनी पॉइंट.

पण बेकविथच्या मरणानं इस्पितळ बंद पडलं नाही. ते पडलं पावसामुळे. जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये महाबळेश्वर पाहून त्याच्यावर भाळणं सोपं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तेच पठार वेगळं होतं. वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या आठ-नऊ पट पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धुकं घरात शिरतं ते निघतच नाही. घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधल्या नाहीत तर पाणी जांभ्यातून आत झिरपतं. कातड्याला बुरशी येते, मीठ वितळतं, सरपण पेटत नाही. हगवणीतून आणि संधिवातातून उठणाऱ्या माणसाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. हौसेनं येणारे साहेब आणि मडमा जूनच्या तोंडावर गाशा गुंडाळून पुण्याला उतरायच्या. इस्पितळाला हे कसं जमावं? दरवर्षी जूनमध्ये रोगी, खाटा, औषधं, डॉक्टर आणि स्वयंपाकी घाटाखाली न्यायचे आणि ऑक्टोबरात पुन्हा चढवायचे, म्हणजे सोल्जर वाचवून मिळवलेले पैसे वाहतुकीत घालवायचे. शिवाय गोरा सोल्जर जास्त आजारी पडायचा तो नेमका पावसाळ्यात. ज्या महिन्यांत इस्पितळाची गरज सर्वांत मोठी, त्याच महिन्यांत त्याला कुलूप. उन्हाळ्यात प्रयोग सुरू करणाऱ्या माल्कमला हा पेच दिसला नसेल असं वाटत नाही; नाहीतर त्यानं हवामान मोजायला खास डॉक्टर ठेवलाच नसता. पण तोवर जागेचा मोह पडला होता.

म्हणून झालं असं, की सोल्जर गेले आणि साहेब राहिले. आजारी अधिकारी रजेवर येत राहिले, त्यांच्यामागून धडधाकट अधिकारी आले, मग मुंबई सरकारच उन्हाळ्यात इथं मुक्कामाला यायला लागलं. लष्कराची खाट निघाली आणि तिथं क्लबाच्या खुर्च्या आल्या. साध्या शिपायासाठी म्हणून मंजूर झालेली सोय वरिष्ठांच्या पदरात पडणं ही गोष्ट आपल्या सरकारी कारभारात काही इंग्रजांबरोबर संपली नाही, एवढंच इथं म्हणतो.

पेठ उभी करायला हात कुणाचे लागले? १८३४ मध्ये इथं एक तुरुंग झाला. त्यात सिंगापूर, मलाक्का, पिनांग या कंपनीच्या पूर्वेकडच्या वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले सुमारे १२० चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी रस्ते केले, बागा लावल्या, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. चायनामॅन धबधब्याचं नाव त्यांच्या मळ्यांवरून पडलेलं. स्ट्रॉबेरीच्या आधी महाबळेश्वरची ओळख बटाट्यानं होती, आणि तो बटाटा हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी लावला होता. त्यांच्यासाठी कुणी हवापालटीची व्यवस्था केली नव्हती. त्यांना शिक्षा म्हणूनच त्या पावसात ठेवलं होतं. सोल्जराला जो पावसाळा सोसणार नाही असं ठरलं, तोच कैद्याला तीस वर्षं सोसायला लावला.

आणि प्रतापसिंह महाराज? रस्ता बांधून देणाऱ्या, पठार सोडून देणाऱ्या या राजावर कंपनीनं देशी पलटणीतल्या सुभेदारांना फितवल्याचा आरोप ठेवला. १८३६ मध्ये चौकशी मंडळ बसलं. त्यात एक सभासद लॉडविक होता, तोच, डोंगरावर पहिला चढलेला. आता तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला होता. सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. आरोप खोटे आहेत हे सांगण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं झगडत राहिले. लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभांत महाराजांची बाजू मांडणाऱ्यांत जनरल ब्रिग्ज होता, आणि पुढे सातारा खालसा करण्यालाही त्यानं विरोध केला. महाबळेश्वरचा इतिहास लिहिताना ब्रिग्जला फक्त ‘रस्ता करवून घेणारा’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही, ते याचसाठी. महाराज १८४७ मध्ये काशीतच गेले. गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधवला. १८४८ मध्ये ते निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर झाला, आणि मग पठार कुणाचं हा प्रश्नच उरला नाही.

लष्करी आजाऱ्यांची सोय दुसरीकडे लागत गेली. पुरंदरच्या किल्ल्यावर पुण्याच्या गोऱ्या पलटणींसाठी आरोग्यधाम झालं. रेल्वे आल्यावर देवळाली सोयीची ठरली. डोंगराचा शोध घेताना जी उंची सर्वांत महत्त्वाची वाटली होती, ती रेल्वे स्टेशनापुढे फिकी पडली.

खरी गंमत अशी, की माल्कमला हवी होती तशी जागा अवघ्या अकरा-बारा मैलांवर होती. महाबळेश्वरहून वाईकडे निघालं की पाऊस दर मैलाला कमी होत जातो. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाचगणी. तिथं महाबळेश्वरच्या जेमतेम तिसरा हिस्सा पाऊस, थंडी जवळपास तेवढीच, आणि बारा महिने राहता येतं. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधलं ते टेबललँडखालचं पठार जॉन चेसन या इंग्रजानं १८६० च्या आसपास वसवलं. तो १८७१ मध्ये वारला आणि तिथंच त्याची कबर आहे. शाळा आल्या त्या याच बारमाही हवेमुळे. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि खाणं एवढाच उपाय, आणि तो महिनोन्महिने चालवावा लागे. बेल-एअर म्हणून लोक ओळखतात ते रुग्णालय पुढे रेडक्रॉसकडे आलं. १८२८ चा प्रयोग चौऱ्याऐंशी वर्षांनी बारा मैल सरकून यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही, फक्त रोगी बदलले होते.

रोगी बदलण्याची गोष्ट दक्षिणेकडे, सांगलीच्या बाजूला, जास्त ठळक दिसते. १८८९ साली डॉ. विल्यम वॉनलेस सांगलीत आले. ते कॅनडात जन्मलेले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. ना थंड हवा, ना डोंगर. कृष्णाकाठचं उकडणारं गाव. पण रेल्वेचं जंक्शन होतं, आणि दारात येणारा रोगी कुणब्यापासून संस्थानिकापर्यंत कुणीही होता. मालकमपेठेच्या इस्पितळानं एकाही सातारकराची नाडी पाहण्यासाठी दार उघडलं नव्हतं. ते त्याचं कामच नव्हतं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे मान्य करूनही, मिरजेला जे घडलं त्याची जात वेगळी होती. महाबळेश्वरला इस्पितळामुळे गाव वसलं आणि इस्पितळ गेलं. मिरजेला गाव जुनंच होतं, त्याला दवाखान्यांचं गाव ही नवी ओळख मिळाली, आणि क्षयरोग्यांसाठी वॉनलेसवाडी वसली.

हवापालटीसाठी महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर आलेला सर्वांत प्रसिद्ध रोगी मात्र ब्रिटिशांचाच कैदी होता. मे १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून गांधीजींची सुटका झाली ती त्यांची प्रकृती ढासळल्यामुळे. कैदेत त्यांना मलेरियानं गाठलं होतं. थोडे दिवस जुहूला राहून जुलैत ते पाचगणीला आले, ‘दिलखुश’ बंगल्यात उतरले. जुलैत पाचगणीच; महाबळेश्वरला त्या महिन्यात कुणाही डॉक्टरनं त्यांना पाठवलं नसतं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र ते महाबळेश्वरला मोरारजी कॅसलमध्ये राहिले आणि पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, शहाण्या माणसासारखे पाचगणीला उतरले. १४ जून १९४५ रोजी व्हाइसरॉय वेव्हेलनं नव्या योजनेची घोषणा केली तेव्हा ते तिथंच होते. तारांची देवाणघेवाण पाचगणीच्या तारघरातून झाली, आणि गांधीजी घाट उतरून मुंबईमार्गे बोलण्यांसाठी सिमल्याला गेले. तेही गाव कंपनीच्या साहेबांनी १८२० च्या दशकात थंड हवेपायीच वसवलेलं.